चौघांनी काढलेले प्रभामंडळ

शनिवार, १६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास, खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी, परभणी जिल्ह्यातील चौघांनी सूर्याच्या प्रभामंडळाची, म्हणजे झाकल्या सूर्याभोवतीच्या पांढऱ्या तेजाची, चार चित्रे काढली. हे काम हैदराबादच्या दक्षिणेला, बसने दोन तासांवरच्या एका रिकाम्या शेतात झाले. चंद्राने सूर्य पूर्ण झाकला होता तो वेळ दोन मिनिटांहून थोडा जास्त भरला. चौघेही चुडावा स्टेशनपासून तासभर चालत जावे लागते अशा एका गावचे होते. पाचवा मी. माझ्याकडे घड्याळ होते.

परभणी जिल्ह्यातून त्या दिवशी ग्रहण खंडग्रासच दिसणार होते. सूर्याची बारीकशी कोर जरी उघडी राहिली तरी तिच्या उजेडापुढे प्रभामंडळ दिसत नाही. म्हणून आगगाडीने जावे लागले.

मी तेव्हा परभणीत राहून एका दैनिकासाठी जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे. मोर्चे, निवेदने, विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या सभा, कापूस, पाणी, एस.टी.चे अपघात. मजकुराचे पाकीट संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचे, आणि त्याला आठवण राहिली तर बातमी दुसऱ्या दिवशी छापून यायची. डिसेंबरात या गावच्या शाळेत गणिताला शिक्षक नसल्याची तक्रार आली. ती पडताळायला गेलो. त्या दिवशी रविवार होता हे चुडाव्याला उतरल्यावर लक्षात आले.

शाळा बंद होती, पण एका वर्गात माणसे होती. फळ्याच्या मधोमध तेलाच्या डब्याचे गोल झाकण काळे करून खिळ्याला अडकवले होते. त्याच्याभोवती एक गृहस्थ पिंजलेल्या कापसाचे झुपके लावत होते. हे शाळेत विज्ञान शिकवणारे सर. गणित कोण शिकवते, असे मी विचारले.

“तेही मीच,” सर म्हणाले. “पेपरवाले का तुम्ही? बरं झालं. तुमच्या घड्याळाला सेकंदकाटा आहे का?”

होता. तक्रारीची बातमी राहून गेली आणि मी वेळ मोजायच्या कामाला लागलो.

सरांना आकाश बघायची सवय होती. उल्का किती पडल्या, शुक्र किती वाजता मावळला, चंद्रग्रहण कधी लागले आणि कधी सुटले, हे ते वहीत लिहीत आणि त्याची नक्कल निरनिराळ्या ठिकाणी पोस्टाने पाठवत. सहा वर्षांत एकाही पत्राची पोच आली नव्हती. हैदराबादच्या एका प्राध्यापकांकडून पहिल्यांदा उत्तर आले ते या ग्रहणाबद्दल. पत्र इंग्रजीत टंकलेले होते. सरांनी ते मला वाचायला दिले.

प्राध्यापकांचे म्हणणे असे. प्रभामंडळ सूर्याजवळ फार तेजस्वी आणि दूर गेल्यावर फार फिके असते. दोन्ही एकाच फोटोत नीट येत नाही. डोळ्याला दोन्ही एकदम दिसते. त्यामुळे सराव केलेल्या हातांनी काढलेली चित्रे फोटोंच्या जोडीला उपयोगी पडतात. पण दोन मिनिटांत एका माणसाला सगळे काढता येत नाही. चौघांनी वर्तुळाचे चार भाग वाटून घ्यावेत. प्रत्येकाने फक्त आपलाच भाग बघावा, दुसऱ्याचा कागद बघू नये, चित्रे जुळवेपर्यंत त्यावर बोलूही नये. चारही भाग मिळून पूर्ण मंडळ झाले तर ते नोंदीला घेतले जाईल. अपुरे मंडळ घेतले जाणार नाही.

“आपण बघितलेलं एकदा तरी कुणी फायलीला लावावं,” सर म्हणाले. “एवढंच. बक्षीस नको, सत्कार नको.”

हे त्यांनी गावात सगळ्यांना सांगितले होते. त्यामुळे मंडळ पूर्ण होते की नाही, यावर पारावर चर्चा होई.

माणसे निवडायला सरांनी परीक्षा घेतली होती. फळ्यावर चादर टाकलेली असे. ती काढायची, दोन मिनिटे कापूस बघू द्यायचा, चादर परत टाकायची आणि मग काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने आठवेल ते काढायचे. पंधरा जण बसले. मुख्याध्यापकांचा सूर्य अंड्यासारखा आला. ते म्हणाले, “मी पदवीधर आहे, चित्रकार नाही.” ग्रामपंचायतीच्या शिपायाने कापसाला बोंडेही काढली. शेवटी सरांशिवाय तिघे राहिले.

एक सरांच्या पत्नी. त्या बालवाडी चालवत, म्हणून गाव त्यांना बाई म्हणे. एकदा बघितलेली रांगोळी त्या आठवड्याने तशीच्या तशी काढत. दुसरे चुडावा स्टेशनावर गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन. त्यांचा हात जड होता, पण बघितलेले विसरत नसत. कुठली गाडी कुठल्या रुळावर घेतली हे त्यांना महिन्यानंतरही सांगता येई. तिसरे पन्नाशीच्या आसपासचे एक शेतकरी. त्यांना गाव आबा म्हणे. पोळ्याला गावातल्या निम्म्या बैलांच्या अंगावर तेच ठिपके आणि वेली काढत.

सर आणि बाई बौद्ध वस्तीत राहत. आबांचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, मराठ्यांच्या आळीत. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या ठरावानंतर या गावात जाळपोळ झाली नाही, पण दोन्हीकडचे बोलणे काही आठवडे बंद होते. ऐंशी साल उजाडले तेव्हा बोलणे सुरू होते, कामापुरते. आबा दर रविवारी शाळेत येत, बसत, चित्र काढत आणि जात. चहा बाई करत. पहिल्या रविवारी आबा म्हणाले, “मी घेत न्हाई चहा.” दुसऱ्या रविवारी घेतला. तिसऱ्या रविवारी साखर कमी असल्याची तक्रार केली.

सराव जानेवारीभर चालला. मी सेकंद मोजत असे. प्रत्येकाला काळ्या पुठ्ठ्याचा एक कागद दिलेला असे. त्यावर सूर्याच्या कडेचा पाव भाग कंपासने आखलेला आणि कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत दिशा लिहिलेली. सरांनी दिशा वर्गातल्या नकाशाप्रमाणे घेतल्या होत्या. उत्तर वर, पूर्व उजवीकडे, दक्षिण खाली, पश्चिम डावीकडे. उत्तर आबांना, दक्षिण बाईंना, पश्चिम पॉइंट्समनना, पूर्व स्वतः सरांना. फळ्यावरचा कापूस दर रविवारी बदलून लावला जाई. फक्त उजव्या बाजूचा बदलत नसे. तिकडून दाराचा वारा यायचा आणि झुपके पडायचे, म्हणून सरांनी त्या बाजूचे तीन झुपके डिंकाने कायमचे चिकटवून टाकले होते.

एका रविवारी आबांनी विचारले, “सर, उत्तर वर कशी काय?”

“नकाशात उत्तर वरच असते, आबा.”

“नकाशात असंल.”

“आपलं वर्तुळही नकाशासारखंच धरायचं. तुमचा भाग म्हणजे उत्तर.”

“माझा भाग उत्तर,” आबा म्हणाले. “बरं.”

पॉइंट्समन दिशेच्या भानगडीत पडले नाहीत. “मला डावा सांगितलाय, मी डावा बघतो,” ते म्हणत. “सिग्नल डावा असला तर मी पश्चिम हाय का पूर्व, असं इचारीत न्हाई.” बाईंनी ‘खालचा’ असे लक्षात ठेवले होते.

गावात विरोध म्हणावा असा झाला नाही. ग्रहणात बाहेर पडू नये, असे दोन-चार जणांनी सांगून बघितले. आबांच्या मंडळींचा आक्षेप वेगळा होता. मी आबांना घ्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या ज्वारीच्या भाकरी बांधत होत्या.

“दोन मिन्टासाठी चार दिवस?” त्या म्हणाल्या. “आन् ते बी पाव सूर्यासाठी?”

“पाव म्हंजे माझा वाटा पाव हाय,” आबा म्हणाले.

“मंग बाकीचा कोण बघणार?”

“तिघं जण हाईत की.”

“म्हंजे चौघं मिळून एक सूर्य बघणार. आमी हितं एकटीनं आख्खा बघतो रोज, ज्वारीच्या रानात.”

गुरुवारी चुडाव्याहून मीटर गेजच्या पॅसेंजरने निघालो. शुक्रवारी हैदराबाद. शनिवारी सकाळी पहिली बस धरली, कारण दुपारच्या बसेस जातील की नाही हे कुणीच खात्रीने सांगेना. वर्तमानपत्रात छापलेल्या नकाशावर पूर्ण सावलीचा पट्टा दाखवला होता. त्या पट्ट्यात बऱ्यापैकी आत येईल असे एक गाव बघून उतरलो. तिथे सगळे तेलुगू बोलत. आम्हा पाचांपैकी कुणालाच ती येत नव्हती. तेव्हा आबा पुढे झाले. निजामाच्या राज्यात ते तीन इयत्ता उर्दू शाळेत शिकले होते. चावडीसमोर बसलेल्या एका म्हाताऱ्याला ते म्हणाले,

“हमकू एक खाली खेत होना, चचा. दो घंटे के वास्ते.”

म्हाताऱ्याने आम्हाला खालून वरपर्यंत पाहिले. “गिरहन में खेत? कुछ गाड़ने का है क्या?”

“नहीं. देखने का है.”

“देखने का है तो ले लो,” म्हातारा म्हणाला. “मगर मेरे बैलों कू मत दिखाओ.”

शेत मिळाले. पश्चिमेकडे झाड नव्हते, घर नव्हते. चौघे एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर बसले. मी त्यांच्या मागे. सूर्य पश्चिमेकडे, थोडा डाव्या अंगाला कललेला होता. अडीचच्या सुमारास ग्रहण लागले. काळ्या काचेतून पॉइंट्समननी सर्वांत आधी पाहिले आणि लाल दिवा दाखवल्यासारखा हात वर केला.

पुढच्या सव्वा तासात बोलायला बंदी होती, आणि ती पाळली गेली. ऊन पिवळे, मग राखाडी झाले. हवा गार झाली. म्हाताऱ्याने बैल गोठ्यात बांधले आणि स्वतः मात्र बांधावर येऊन डोक्यावर घोंगडी घेऊन बसला. कोर संपली तेव्हा मी “बघा” म्हणालो आणि मोजायला लागलो. दर दहा सेकंदांनी आकडा मोठ्याने सांगायचे ठरले होते. आकडा चुकू नये म्हणून माझी नजर घड्याळावर होती. त्या दोन मिनिटांत मी दोनदा वर पाहिले. काळी चकती आणि तिच्याभोवती सगळीकडून निघालेले पांढरे पट्टे, एवढे दिसले. वहीत मी आणखी एक गोष्ट टिपली आहे, ती अशी: ‘तीस सेकंद. आबांनी पुठ्ठा आडवा केला. वाऱ्यामुळे?’

वारा नव्हता. पण ही टीप मी परत वाचली ती नंतर, सगळे कळल्यावर.

“मिटा,” मी म्हणालो. चौघांनी माना खाली घातल्या आणि उरलेले काम आठवणीवर पूर्ण केले. पाचेक मिनिटांनी प्रत्येकाने आपला पुठ्ठा खाकी पाकिटात घालून चिकटवला. सरांनी चारही पाकिटांवर सह्या घेतल्या. बांधावरचा म्हातारा घोंगडीतून डोके काढून आबांना म्हणाला, “हो गया?”

“हो गया.”

“क्या था?”

“बोलने का नहीं है, चचा. सोमवार तक.”

परतीच्या गाडीत हा नियम जड गेला. पॉइंट्समन दर स्टेशनाला सिग्नलबद्दल बोलत, कारण दुसरे काही बोलायचे नव्हते. बाईंनी एकदा “काय सुंदर होतं हो!” म्हटले, तर सरांनी तोंडावर बोट ठेवले. “सुंदर एवढं तरी म्हणू द्या,” बाई म्हणाल्या. “कुठल्या बाजूला ते कुठं सांगितलं मी?” आबांनी हे ऐकून तोंड खिडकीबाहेर वळवले. ते हसत होते.

सोमवारी, १८ फेब्रुवारीला, दुपारी शाळेत पाकिटे फोडली. मुख्याध्यापकांनी दोन टेबले जोडून दिली होती. दारात आणि खिडक्यांत पोरे आणि गावकरी. सरांनी बाईंचा पुठ्ठा खाली ठेवला, पॉइंट्समनचा डावीकडे, आपला उजवीकडे, आणि शेवटी आबांचा वर. काळी चकती गोल जमली. चारही बाजूंनी पट्टे निघाले होते. कडा थोड्या सरकवल्यावर जुळल्या. मंडळ पूर्ण होते.

टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापक म्हणाले, “वा!” सरांनी चष्मा काढून पुसला.

आबा टेबलापाशी उभे होते. टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, “सर, राग मानू नका. हा असा न्हाई.”

त्यांनी आपला पुठ्ठा वरून उचलला, पाव फेरा फिरवला आणि उजवीकडे, सरांच्या पुठ्ठ्यावर ठेवला.

“हा असा हाय.”

वरची जागा मोकळी झाली. खाली टेबलाचे लाकूड दिसत होते.

“आबा, तुमच्या कागदावर उत्तर लिहिलंय,” सर म्हणाले.

“मी उत्तरच बघितली की. मावळतीकडं तोंड करून बसलोत आपण. उत्तर कुठं येती? उजव्या हाताला येती.”

“पण सरावात तुम्ही वरचा भाग काढत होता.”

“भिंतीवर कागदाची उत्तर व्हती, ती मी मानली,” आबा म्हणाले. “तिथं खरी उत्तर व्हती. ती कशी सोडू?”

मग पॉइंट्समन वाकून दोन्ही पुठ्ठे शेजारी शेजारी बघू लागले. आबांच्या चित्रात एक लांब पट्टा होता आणि त्याच्या बुडाशी दोन आखूड. सरांच्या चित्रात तीन पट्टे होते, जवळजवळ सारखे.

“दोघांनी एकच बाजू बघितली म्हणता,” पॉइंट्समन म्हणाले, “मंग सूर्य दोन व्हते काय?”

खिडकीतली पोरे हसली. बाईंनी फळ्याकडे पाहिले. बाकीचा कापूस कधीच काढला होता. डिंकाने चिकटवलेले तीन झुपके अजून तिथेच होते. मग चहाचे पेले गोळा करून त्या आत गेल्या.

मुख्याध्यापकांनी पोरांना बाहेर काढले आणि दार लावले. ते हळू आवाजात म्हणाले, “सर, मघाशी मंडळ पूर्ण होतं. सगळ्या गावानं बघितलं. आहे तसं पाठवा. हैदराबादला कुणाला कळणार आहे, कोण कुठल्या बाजूला बघत होतं ते?”

“आबांना कळतं,” सर म्हणाले.

“आबा काय, आपलेच आहेत. काय आबा?”

आबा म्हणाले, “मी काई बोलणार न्हाई. सरांचं काम हाय. सरांनी सांगावं.”

पॉइंट्समननी दुसरा तोडगा काढला. वरचा भाग बाईंनी काढावा. त्यांना आठवत असेलच, नजर जातेच. नाहीतर पेपरात फोटो आलेत, त्यावरून. बाई आतून म्हणाल्या, “मी खालचा बघितला. वरचं मला ठाऊक नाही. अन् पेपरातलं काढायचं तर हैदराबादला कशाला गेलो?”

सरांनी चारही पुठ्ठे पाकिटात घातले आणि घरी नेले.

मंगळवारी मी परभणीला परतणार होतो. गाडीला वेळ होता म्हणून दुपारी शाळेकडे गेलो. शाळा सुटायला अवकाश होता, पण सर वर्गात नव्हते. ते आबांच्या रानात होते. पावणेचार वाजता, शनिवारी सूर्य पूर्ण झाकला गेला त्याच वेळेला, दोघे ज्वारीच्या कडेला सूर्याकडे तोंड करून उभे होते. सरांच्या हातात होकायंत्र होते. आबांनी उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढला होता.

“बघा,” आबा म्हणाले. “ही उत्तर. तुमचा काटा काय म्हणायलाय?”

सरांनी होकायंत्र बघितले, आबांचा हात बघितला, परत होकायंत्र बघितले.

“काटा तुमच्याच बाजूनं आहे,” सर म्हणाले. “थोडा मागं सरकवा हात. बास.”

“मंग वर काय हाय?”

“वर काय आहे ते कुणीच बघितलं नाही, आबा.”

“बघितलं न्हाई तर न्हाई,” आबा म्हणाले. “लिहून टाका तसं.”

सर बांधावर बसले. गुडघ्यावर वही ठेवून त्यांनी पत्राचा मसुदा तिथेच लिहिला. मी तो वाचला आहे. उजव्या बाजूची दोन चित्रे आहेत, ती दोन वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांचे कागद न बघता काढली आहेत, ती जुळत नाहीत. त्यांतले कोणते बरोबर ते मला सांगता येत नाही. वरच्या बाजूचे चित्र नाही. चूक दिशा सांगण्यात झाली आणि दिशा मी सांगितल्या होत्या. मंडळ अपुरे आहे हे मला माहीत आहे. एवढेच होते. कोणते चित्र कुणाचे, हे त्यांनी पाठीमागे व्यवसाय लिहून कळवले होते: शिक्षक, शेतकरी, रेल्वे कर्मचारी, बालवाडी शिक्षिका.

पाकीट बुधवारी रजिस्टरने गेले.

मार्च गेला, एप्रिल गेला. गावाला ग्रहणाचा विसर पडला. पारावर दुसरे विषय आले. फक्त पॉइंट्समन पोस्टमनला रोज विचारत, “हैदराबाद लाइन क्लिअर हाय का?” पोस्टमन मान हलवी.

उत्तर जूनच्या सुरुवातीला आले, शाळा उघडायच्या आधी. सरांनी मला कार्ड टाकले होते, त्यामुळे मी तिथे होतो. आबा तिफणीचे काम सोडून आले होते. बाईंनी चहा केला. सरांनी पाकीट सगळ्यांसमोर फोडले आणि पत्र आधी मनात वाचले. मग इंग्रजीतून मराठी करत मोठ्याने वाचले.

प्राध्यापकांनी हिशेब मांडला होता. त्या वेळी, त्या जागेवरून, सूर्याची उत्तर ना बरोबर वर होती, ना बरोबर उजवीकडे. घड्याळात दोनचा आकडा असतो त्या जागी होती.

“म्हंजे कोण चुकलं?” पॉइंट्समननी विचारले.

“दोघंही,” सर म्हणाले. “मी जास्त.”

“कितीनं जास्त?”

“दुपटीनं.”

आबांनी बशी खाली ठेवली. “दुप्पट म्हंजे लय न्हाई,” ते म्हणाले. “आकाशाच्या मानानं.”

सर पुढे वाचू लागले. उजव्या बाजूची दोन्ही चित्रे फोटोंशी ताडून पाहिली. त्या बाजूला एक लांब पट्टा आणि त्याच्या मुळाशी दोन आखूड पट्टे फोटोंत आहेत. शेतकऱ्याच्या चित्रात ते तसेच, योग्य कोनात आहेत. लांब पट्ट्याचे टोक तर फोटोपेक्षा पुढपर्यंत दाखवले आहे, आणि दुसऱ्या एका ठिकाणाहून आलेल्या चित्रातही ते तेवढेच लांब आहे. शिक्षकाच्या चित्रातले तीन सारखे पट्टे कुठल्याच फोटोत नाहीत. सराव एखाद्या नमुन्यावरून केला होता काय, आणि तो नमुना दर वेळी तोच होता काय, हे कळवावे. असे पुष्कळदा होते. हाताला सवय लागली की डोळ्यासमोरचे सोडून हात सवयीचे काढतो.

हे वाक्य सरांनी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा थोडे मोठ्याने.

“हो,” बाई म्हणाल्या. “डिंकाचे.”

“तुला केव्हा कळलं?”

“त्याच दिवशी. तुम्ही विचारलं नाही.”

“तू तरी सांगायचं.”

“तुमचाच नियम, एकमेकांच्या कागदावर बोलायचं नाही,” बाई म्हणाल्या. “तो उठवला असं कुठं म्हणालात?”

पॉइंट्समननी चहाचा घोट घेतलेला होता. त्यांना ठसका लागला. आबांनी त्यांची पाठ थोपटली.

“पुढं वाचा सर,” आबा म्हणाले. “ठेवून घेतलं का?”

सरांनी शेवटचा परिच्छेद वाचला. मंडळ अपुरे असल्यामुळे मंडळ म्हणून नोंद करता येत नाही. दक्षिण आणि पश्चिम म्हणून पाठवलेली चित्रे काळजीपूर्वक काढलेली आहेत, पण त्यांना ताडून बघायला जोड नाही. ती आणि शिक्षकाचे चित्र सोबत परत पाठवत आहोत. शेतकऱ्याचे चित्र स्वतंत्र निरीक्षण म्हणून नोंदीला घेतले आहे.

पाकिटात तीन पुठ्ठे होते. सरांनी ते टेबलावर ठेवले. बाईंनी आपला उचलून बघितला. पॉइंट्समननी आपल्या पुठ्ठ्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, “परतीच्या गाडीनं आला बिचारा.”

“अन् माझा?” आबांनी विचारले.

“तुमचा तिथंच राहणार आता. फायलीला लावलाय.”

“कायमचा?”

“कायमचा.”

आबा जायला उठले. मग म्हणाले, “तुमचं नाव लावा म्हणावं त्याच्यावर. मला काय करायचंय? वापसा हाय, पेरणीचं बघायचंय मला.”

“तसं चालत नाही, आबा. ज्यानं बघितलं त्याचंच नाव.”

सरांनी त्याच संध्याकाळी उत्तर लिहिले आणि त्यात आबांचे पूर्ण नाव कळवले. नमुना एकच होता, उजवीकडचे तीन झुपके चिकटवलेले होते, कारण दाराचा वारा. हे पत्रही रजिस्टरने गेले. मी परभणीला येऊन बातमी केली. ती बारा ओळींची लिहिली, पाच ओळींची छापून आली.

नोंदीच्या छापील कागदाची एक प्रत प्राध्यापकांनी जुलैत शाळेला पाठवली. ती मी पाहिली आहे. निरीक्षक म्हणून आबांचे पूर्ण नाव आहे. व्यवसाय: शेती. उपकरण: काही नाही. पत्त्याच्या रकान्यात शाळेचा पत्ता आहे, आणि त्याखाली ‘मार्फत’ असे लिहून सरांचे नाव.